एप्रिल २०२० चे दोन हजार कशाचे होते, आणि नोटीस आली तर किती परत करायचे?

प्रश्न असा आहे. नगर जिल्ह्यात वडिलांच्या नावावर दीड हेक्टर जमीन, चार संकरित गाई, एक ट्रॅक्टर. मुलगा पुण्यात नोकरीला. एप्रिल २०२० मध्ये वडिलांच्या खात्यात दोन हजार आले. गावात बोलबाला झाला की हे कोरोनाचे पैसे, अजून येणार आहेत. पुढे तसं काही आलं नाही. उलट वर्षाअखेरीला तहसीलची नोटीस आली: तुम्ही आयकरदाते आहात, केंद्राच्या पीएम-किसान योजनेच्या सहा हप्त्यांचे बारा हजार परत करा. वडिलांचं विवरणपत्र आयुष्यात एकदाच, २०१९ च्या उन्हाळ्यात, ट्रॅक्टरच्या कर्जासाठी एका एजंटाने भरून दिलं होतं. त्यात उत्पन्न ३ लाख २० हजार दाखवलं होतं. कर भरला की नाही ते कुणाला आठवत नाही. नोटीस कपाटात पडून राहिली, हप्ते बंद झाले, आणि आता राज्याच्या 'नमो शेतकरी महासन्मान' योजनेचेही येत नाहीत. मुलाला विचारायचंय ते हे: कोरोनाचे राहिलेले पैसे मिळतील का, बारा हजार भरायलाच हवेत का, आणि अमेरिकेत शेतकऱ्यांना म्हणे रोख भरपाई मिळाली, मग आपल्याकडे का नाही?

मी तालुक्याच्या गावी करसल्लागार आहे. शेतकऱ्यांची विवरणपत्रं, ट्रॅक्टर आणि पाइपलाइनच्या कर्जाच्या फायली, सोसायटीची कामं, हेच रोजचं. २०२०–२१ च्या हिवाळ्यात अशा नोटिसा घेऊन माणसं यायची, अजूनही अधूनमधून येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. राहिलेले पैसे असं काही नाही. पण बारा हजारही बहुधा देणं लागत नाही. विवरणपत्राच्या प्रतीत काय निघतं त्यावर ठरेल. माझ्या हिशेबाने आकडा एक तर शून्य आहे किंवा चार हजार.

एप्रिल २०२० चे दोन हजार म्हणजे पीएम-किसानचा नेहमीचा हप्ता. ही योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाली आणि लागू धरली १ डिसेंबर २०१८ पासून. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च. २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली आणि दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचं गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. त्यात शेतकऱ्यांसाठी घोषणा होती की ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना एप्रिलच्या सुरुवातीलाच दोन हजार मिळतील. मिळालेही. पण तो एप्रिल–जुलैचाच हप्ता होता, चार महिन्यांत कधीतरी यायचा तो सुरुवातीलाच सोडला. वर्षाचे सहा हजार सहाच राहिले. ऊसतोडीला निघताना मुकादमाकडून घेतात तशी ती उचल होती, पुढच्या हिशेबातून वजा होणारी. ऑगस्टमध्ये पुढचा हप्ता आला तो ९ तारखेला, त्याच्या वेळेला.

त्या काळात खात्यांवर इतर रकमाही येत होत्या, त्यामुळे गोंधळ वाढला. आईचं जनधन खातं असेल तर पासबुक काढून बघा: एप्रिल, मे, जून २०२० मध्ये पाचशे-पाचशेच्या तीन नोंदी दिसतील. हे पैसे जनधन खातेदार महिलांना होते, शेतीशी त्यांचा संबंध नव्हता. बँकेपुढे गर्दी नको म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावर दिवस ठरवून दिले होते. ० आणि १ असलेल्यांनी ३ एप्रिलला यायचं, २ आणि ३ असलेल्यांनी ४ एप्रिलला, असं ९ तारखेपर्यंत. त्याच रांगेत पीएम-किसानवालेही उभे. घरी गेल्यावर दोन हजार आणि पाचशे एकाच नावाने ओळखले जाऊ लागले. नंतर ऑक्टोबरच्या अतिवृष्टीत राज्य सरकारने १० हजार कोटींचं पॅकेज काढलं, शेतपिकांना हेक्टरी दहा हजार आणि फळबागांना पंचवीस हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत. तेही काही लोक 'कोरोनाचे' म्हणून सांगतात. ते पंचनाम्याचे पैसे होते. तुमच्या गावचा पंचनामा झाला असेल तर ती वेगळी चौकशी.

आता 'का नाही' हा प्रश्न. सरकारला मार्च २०२० मध्ये झटपट पैसे पोचवायचे होते आणि हाताशी शेतकऱ्यांची तयार यादी एकच होती: पीएम-किसानची. नाव, सातबारा, आधार, खातं, सगळं जुळवलेलं. पण त्या यादीत माणूस जमीनधारक आहे एवढंच कळतं. त्याच्या शेतात त्या आठवड्यात द्राक्षं लोंबत होती की गहू काढून झाला होता, गोठ्यात गाई होत्या की नाही, हे त्यात नाही. सातबाऱ्यावरची पीकपाहणी तेव्हा तलाठ्याच्या हाताने व्हायची आणि बऱ्याच ठिकाणी मागच्या वर्षीचंच पीक पुढे ओढलं जायचं. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पीक नोंदवायची ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली ती १५ ऑगस्ट २०२१ ला. म्हणजे नुकसान मोजून भरपाई द्यायची इच्छा असती तरी मोजायला कागद नव्हता.

परिणाम काय झाला ते तुमच्याच गोठ्यावर बघा. चार गाईंचं रोजचं तीस लिटर दूध धरा. हॉटेलं, मिठाईची दुकानं, चहाच्या टपऱ्या बंद झाल्यावर दर लिटरमागे दहा रुपयांनी पडला असं धरलं, तर दिवसाला तीनशेचा फटका. दोन हजार रुपये सात दिवसही पुरले नाहीत. आणि शेजारी जो नुसता जमिनीचा मालक, गुरं नाहीत, माल नाही, रान पडीक, त्यालाही तेच दोन हजार. सर्वांत वाईट वाटतं ते वाट्याने आणि खंडाने करणाऱ्यांचं. टोमॅटो त्यांनी लावला, रोटर त्यांनी फिरवला, पण सातबारा मालकाच्या नावावर, म्हणून हप्ता मालकाच्या खात्यात. खंडकऱ्याला टाळेबंदीत शेतकरी म्हणून रोखीत काहीच मिळालं नाही. याबद्दल त्या वेळी फारशी कुणी ओरड केली नाही, कारण खंडाचा व्यवहार तोंडी असतो आणि तोंडी माणसाची यादी नसते.

अमेरिकेत उलट पद्धत होती. तिथल्या कृषी खात्याने १७ एप्रिल २०२० ला १९ अब्ज डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांना आणि ३ अब्ज दूध, मांस, भाजीपाला विकत घेऊन अन्नपेढ्यांना वाटायला. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ज्या मालाचा भाव पाच टक्के किंवा त्याहून जास्त पडला, तो माल किती पिकवला, किती जनावरं होती, याचा अर्ज कौंटीच्या कार्यालयात द्यायचा आणि त्यावर रक्कम ठरायची. एका माणसाला कमाल अडीच लाख डॉलर. ऐकायला छान वाटतं, पण जितकं मोठं शेत तितका मोठा चेक, हे त्यातच आलं. आपल्याकडे सगळ्यांना सारखंच थोडं, तिकडे नुकसानीच्या मापाने. दीड हेक्टरवाल्याला कुठली पद्धत बरी, यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही.

रोख सोडून जे मिळालं, त्याची मात्र गावात कुणी चर्चाच करत नाही, आणि तिथेच खरे पैसे होते.

पीक कर्जाचं घ्या. सोसायटीमार्फत जिल्हा बँकेचं खरीप पीक कर्ज असतं, त्याची फेड ३१ मार्चपर्यंत. वेळेत भरलं तर केंद्राची तीन टक्के सूट मिळते, म्हणजे तीन लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्क्यांऐवजी चार टक्क्यांत पडतं. राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत त्यावर वेगळी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ३१ तारखेला आठवडाही राहिला नव्हता. कांदा काढून वावरात पडलेला, बाजार समितीचे व्यवहार अडलेले, रस्त्यावर पोलीस. कर्ज भरायला निघणार कोण? केंद्राने मुदत आधी ३१ मेपर्यंत आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली, आणि त्या मुदतीत भरणाऱ्यांची तीन टक्क्यांची सूट तशीच ठेवली. एक लाखाच्या कर्जावर वर्षाचे तीन हजार, दोन लाखांवर सहा हजार. म्हणजे ज्याच्या नावावर लाखभराचं पीक कर्ज होतं, त्याला बँकेच्या एका परिपत्रकाने दोन हजारांच्या हप्त्यापेक्षा जास्त वाचवलं. वडिलांनी त्या वर्षी कर्ज कधी भरलं आणि सोसायटीने व्याज कसं लावलं, ते उताऱ्यावर एकदा तपासा. जूनमध्ये भरलेल्यांना थकबाकीदाराचं व्याज लावलेले उतारे मी पाहिलेत. सचिवाला ते दाखवल्यावर दुरुस्तही झालेत.

दुधाचंही काही झालं, पण ते अर्धंमुर्धं. राज्य सरकारने एप्रिल २०२० पासून महानंद या राज्याच्या सहकारी दूध महासंघामार्फत रोज दहा लाख लिटर अतिरिक्त दूध लिटरला पंचवीस रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करायचं ठरवलं आणि पुढे मुदत वाढवत नेली. दूध घेतलं ते सहकारी संघांचं. आपल्याकडे निम्म्याहून जास्त गवळी खासगी डेअरीच्या संकलन केंद्रावर दूध घालतात. त्यांना डेअरी देईल तो दर. म्हणून तर जुलै-ऑगस्टमध्ये लिटरला दहा रुपये थेट अनुदान द्या म्हणून राज्यभर आंदोलनं झाली, रस्त्यावर दूध ओतलं गेलं. ते अनुदान तेव्हा मिळालं नाही.

राज्याच्या तिजोरीचं काय झालं होतं तेही लक्षात घ्या. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने विकासकामांचा खर्च अर्थसंकल्पाच्या ३३ टक्क्यांवर आणला. त्याआधी मार्चच्या अर्थसंकल्पात एक घोषणा झाली होती: नियमित कर्ज फेडणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन. ती कोरोनाखाली गाडली गेली आणि पैसे प्रत्यक्ष यायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. तुम्ही ज्याला 'राहिलेले पैसे' म्हणताय त्याच्या सर्वांत जवळचं काही असेल तर ते हे. २०१७–१८, २०१८–१९ आणि २०१९–२० यांपैकी कुठल्याही दोन वर्षांचं पीक कर्ज वडिलांनी वेळेत भरलं असेल, तर त्यांचं नाव त्या यादीत आलं होतं का हे बँकेत विचारा. शेतीबाहेरच्या उत्पन्नावर आयकर भरणारे त्यातूनही वगळलेले होते, आणि त्यामुळे आपण परत त्याच विवरणपत्रापाशी येतो.

आता नोटीस. तुमच्याकडच्या कागदाचा मजकूर मी न बघताच सांगू शकतो, कारण एकच नमुना सगळीकडे फिरला: अमुक यांनी प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेचा लाभ आयकरदाते असताना घेतला, सबब रक्कम सात दिवसांत जमा करावी, न केल्यास जमीन महसुलाची थकबाकी समजून वसुली केली जाईल. खाली रकाना, हप्त्यांची संख्या आणि एकूण रुपये. केंद्राकडून आलेल्या यादीवरून तालुक्यात कागद निघाले, एकेकाची शहानिशा करून नाही. जानेवारी २०२१ मध्ये माहितीच्या अधिकारात केंद्राने दिलेल्या उत्तरानुसार २० लाख ४८ हजार अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेले होते आणि त्यातले निम्म्याहून अधिक आयकरदाते होते. महाराष्ट्र त्यात वरच्या राज्यांत.

योजनेच्या नियमात वगळलं आहे ते मागच्या कर निर्धारण वर्षात (कमाईच्या वर्षानंतरचं, विवरणपत्र भरायचं वर्ष) आयकर भरलेल्यांना. विवरणपत्र भरलं आणि कर शून्य निघाला, तर माणूस यात येत नाही. एखाद्या ठेवीवर बँकेने टीडीएस, म्हणजे व्याजातून आधीच कर, कापला आणि पुढे पूर्ण परत मिळाला, तर तिथेही शेवटी कर शून्यच, पण अशा लोकांची नावंही याद्यांत आली होती. म्हणून पहिलं काम: वडिलांच्या पॅनवर आयकराच्या पोर्टलवर जाऊन २०१९–२० या निर्धारण वर्षाचं विवरणपत्र, त्याची पोच, फॉर्म २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) आणि कलम १४३(१) खालची सूचना (विवरणपत्र तपासून खात्याने पाठवलेला हिशेब) उतरवून घ्या. पासवर्ड एजंटाकडे असेल तर आधारच्या ओटीपीने बदलता येतो. एजंटाला शोधत बसू नका.

कर निघाला असेल का? हिशेब करून बघू. त्या वर्षी साठ वर्षांखालच्या माणसाला अडीच लाखांपर्यंत कर नव्हता. एकूण उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असेल तर कलम ८७अ खाली अडीच हजारांची सूट होती. ३ लाख २० हजारांतून अडीच लाख गेले, उरले ७० हजार, त्यावर पाच टक्के म्हणजे ३,५००. अडीच हजार सूट, उरले हजार, चार टक्के उपकर धरून १,०४० रुपये. वडील तेव्हा साठीपुढचे असतील तर मर्यादा तीन लाखांची. वीस हजारांवर हजार रुपये कर, तो सुटीत गेला, देणं शून्य. म्हणजे जन्मतारखेवर सगळं फिरतं. जन्मतारीख पॅनवरची बघायची, आधारवर बऱ्याचदा नुसतं १ जानेवारी टाकलेलं असतं.

अजून एक गोम. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण दूध आणि ट्रॅक्टरचं भाडं हे शेतीचं उत्पन्न नाही, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. एजंटाने ३ लाख २० हजार दाखवले ते बहुधा याच दोन खात्यांवर. शिवाय शेजारच्या रकान्यात शेतीचे, समजा, दोन लाख दाखवले असतील, तर ते करमुक्त असूनही दर ठरवताना मिळवले जातात आणि १,०४० च्या जागी ४,१६० रुपये होतात. कर्जाची फाईल वजनदार दिसावी म्हणून आकडे फुगवायची तेव्हा पद्धतच होती. हजार-चार हजारांचं चलन एजंट आपल्या फीमध्येच धरून भरून टाकायचा, शेतकऱ्याला पत्ताही नसायचा.

कर शून्य निघाला तर काम सोपं आहे. कर भरलेला निघाला तर सहा हप्ते एकेक करून बघा. नियम म्हणतो मागचं निर्धारण वर्ष. एप्रिल २०१९ ते मार्च २०२० हे स्वतः २०१९–२० चं निर्धारण वर्ष. त्या काळात 'मागचं' म्हणजे २०१८–१९, आणि त्या वर्षाचं वडिलांनी विवरणपत्रच भरलेलं नाही. फेब्रुवारी २०१९ चा पहिला हप्ता तर त्याहून आधीचा. म्हणजे मार्च २०२० पर्यंतचे चारही हप्ते, आठ हजार, नियम शब्दाला धरून वाचला तर बरोबर मिळाले. एप्रिल २०२० उजाडला तेव्हा मात्र मागचं निर्धारण वर्ष २०१९–२० झालं, कर भरलेलं. तेव्हा एप्रिल आणि ऑगस्टचे दोन हप्ते, चार हजार, परत करण्याजोगे. गंमत अशी की गावाने ज्याला कोरोनाची मदत म्हटलं, नेमका तोही हप्ता वडिलांना लागू नव्हता. आणि एप्रिल २०२१ पासून मागचं वर्ष २०२०–२१, त्यात कर नाही, म्हणजे वडील परत पात्र. हे माझं वाचन आहे. तहसीलचा बाबू एका झटक्यात मान्य करेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण लेखी मांडलं तर त्याला लेखी उत्तर द्यावं लागतं.

तुमच्या नोकरीचा आणि तुमच्या आयकराचा यात संबंध नाही. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. सज्ञान मुलगा इंजिनिअर असो नाहीतर कलेक्टर, वडिलांची पात्रता जात नाही. आई मात्र सरकारी शिक्षिका किंवा महिना दहा हजार वा जास्त पेन्शन घेणारी असती तर गेली असती.

अर्ज तहसीलदारांच्या नावे द्या आणि एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना. हे काम आधी महसूलकडे होतं, मग दोन्ही खात्यांत 'तुमचं की आमचं' चाललं आणि ते कृषी विभागाकडे गेलं. एकाच खिडकीवर दिलं तर कागद मधल्या मधे लटकतो. अर्जात नोटिशीचा क्रमांक, पीएम-किसानचा नोंदणी क्रमांक, कराचा हिशेब चार ओळींत, आणि शेवटी मागणी स्पष्ट: आयकरदाता ही नोंद काढून हप्ता सुरू करावा. सोबत विवरणपत्राची पोच, २६एएस, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि आधार. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पैसे भरायचे ठरले तर योजनेच्या पोर्टलवर परताव्याची सोय आहे किंवा तहसीलच्या अधिकृत खात्यात चलनाने भरता येतात. रोख कुणाच्या हातात देऊ नका. व्हॉट्सअॅपवर पीएम-किसानच्या नावाने एपीके फाइल (मोबाइलवर अॅप बसवणारी) आली तर तिला हात लावू नका. खाती रिकामी झाली आहेत त्यातून. नोटीस जुनी आहे म्हणून विसरली जाईल हेही धरून चालू नका. कर्जाच्या किंवा वाटणीच्या वेळी सातबाऱ्यावर बोजा दिसला की मग पळापळ होते. म्हणून आधीच आपला सातबारा ऑनलाइन काढून 'इतर अधिकार' रकाना बघून घ्या.

'नमो शेतकरी महासन्मान'चा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला तुमच्याच जिल्ह्यात, शिर्डीत, सोडला गेला. तो पीएम-किसानच्या यादीवरच चालतो. त्यामुळे त्याच्यासाठी वेगळा अर्ज नाही. केंद्राच्या यादीतली नोंद सुधारली की तो मागोमाग येतो. पोर्टलवर लाभार्थ्याची स्थिती बघताना ई-केवायसी, जमिनीची नोंद आणि आधारशी जोडलेलं खातं या तिन्ही ओळी तपासा. कधी कधी आयकराची अडचण मिटलेली असते आणि हप्ता दुसऱ्याच, कधीकाळी उघडून विसरलेल्या खात्यात पडत असतो, कारण आधार शेवटचं तिथे जोडलेलं असतं. मधल्या बंद काळातले हप्ते मात्र मिळतीलच असं गृहीत धरू नका. अर्जात मागा, पण त्या भरवशावर उधारी करू नका.

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट. कोरोनात घरचा कर्ता गेला आणि त्याच्या नावावर हप्ते येतच राहिले, अशी घरं बरीच आहेत. मृत्यूनंतरचे हप्ते परत करावे लागतात, त्याला इलाज नाही. पण वारस नोंदीचा फेरफार (सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याची नोंद) मंजूर झाला की वारसाला स्वतःच्या नावाने नोंदणी करता येते. जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आत नावावर हवी ही अट वारसाहक्काने आलेल्या जमिनीला लागत नाही. सेवा केंद्रवाला 'तारीख बसत नाही' म्हणाला तर त्याला फेरफार दाखवा.

शेवटी ट्रॅक्टरचं कर्ज. त्याचा हप्ता १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० च्या दरम्यान येत असेल तर तो पुढे ढकलायची मुभा होती. व्याज मात्र चालू होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये व्याजावरचं व्याज माफ करायची केंद्राची योजना आली, तीत घर, वाहन, क्रेडिट कार्ड सगळं होतं आणि पीक कर्ज, ट्रॅक्टरचं कर्ज नव्हतं. पुढे २३ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की त्या सहा महिन्यांसाठी कुणाकडूनच चक्रवाढ व्याज घेऊ नये. रिझर्व्ह बँकेने ७ एप्रिलला सगळ्या बँकांना आणि वित्त कंपन्यांना घेतलेलं परत करायला किंवा वळतं करायला सांगितलं, हप्ता ढकलला असो वा नसो. २०२१–२२ च्या कर्ज उताऱ्यावर अशी जमा नोंद आहे का ते बघा. रक्कम लहान असेल, काही शेकड्यांत. नसेल तर शाखेला त्या परिपत्रकाचा हवाला देऊन पत्र द्या, आणि बँकेने किंवा वित्त कंपनीने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला फी लागत नाही.